माळसावरीचं विरजण

सोनटक्के सरांच्या गणिताच्या तासाला माशीसुद्धा हाताची घडी घालून बसते, असं माळसावरीत म्हणत. सर कुणाला मारत नसत. तो जमाना कधीच गेला होता. पण देवानं त्यांना डोळे दिले होते, आणि त्या डोळ्यांपुढे एक चष्मा. तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून सर वरून बघायला लागले की मागच्या बाकावरच्या पोराला आजोबांचं नावसुद्धा आठवत नसे. गावातल्या दोन पिढ्या त्या नजरेखालून गेल्या होत्या. ग्रामपंचायतीचा सरपंच अजून सर समोर दिसले की मोटरसायकल गल्लीत वळवायचा.

तर अशा या सरांच्या वर्गात एका मंगळवारी सहावीतली कस्तुरी लोंढे उभी राहिली.

फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. फळा जिल्हा परिषदेनं दिलेला, बोटानं लिहायचा होता, पण सर बोटसुद्धा खडू धरल्यासारखं धरत. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं," ते म्हणाले.

"का सर?" कस्तुरीनं विचारलं.

"काय का?"

"उलटा का करायचा?"

"नियम आहे."

"ते कळलं सर. पण नियम असा का आहे?"

वर्गात कुणाचाही श्वास अडकला नाही, हे सरांच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. त्यांनी सवयीनं चष्मा खाली आणला आणि वरून बघितलं. कस्तुरीनंही त्यांच्याकडे बघितलं, अगदी आपुलकीनं.

"चष्मा सैल झालाय का सर? बाजारच्या दिवशी पेठेत तो माणूस बसतो, स्क्रू आवळून देतो."

सर फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण लिहायला लागले. कस्तुरीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पाण्याची बाटली उचलली.

"सर, मला कळत नाहीये आणि आता कंटाळा आलाय. मी चिंचेखाली बसते. पुढच्या तासाला येते."

आणि ती गेली. दार लोटून घ्यायलाही विसरली नाही. तिच्यामागून एकेक जण उठला. कुणी दंगा केला नाही, कुणी फिदीफिदी हसलं नाही. देवळातून निघावं तसे सगळे सरांना नमस्कार करून निघाले. शेवटी वर्गात एकटा सुरज उरला, आणि तो झोपला होता.

घरी आल्यावर सरांनी हे सगळं बायकोला सांगितलं. इंदुमतीबाई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवत. नवऱ्यापुढे त्या आजवर चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आताही नाही बोलल्या. दातातला दोरा काढून शांतपणे म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली. तुम्ही समजावून देत नाही, दरडावता. मला स्कूटर शिकवलीत तेव्हा मी मोरीत जाऊन रडायचे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भीती वाटायची. हल्ली वाटत नाही. भाकरी गरम देऊ का?"

सर त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

पुढच्या काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की भानगड फक्त सहावीत नाही, सगळ्या गावात आहे. ग्रामसभेत सरपंच उभा राहिला आणि पाण्याच्या टाकीचं काम आपण नीट करून घेतलं नाही असं स्वतःच सांगून मोकळा झाला. लोक म्हणाले, आम्हाला माहीत होतं, बस खाली. सरपंच बसला. फाट्यावर एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपायचं, ते विजेच्या एसटीनं भोंगा वाजवला तरी कान हलवेना. ड्रायव्हरनं माळसावरीत ताक घेतलेलं असायचं, त्यामुळे त्यालाही घाई नसायची. कुत्र्याची झोप होईपर्यंत बस उभी. सगळं गाव निवांत झालं होतं. पोटात गोळा येणारा माणूस गावात एकच राहिला होता, तो म्हणजे सोनटक्के सर.

आणि सरांच्या पोटात गोळा यायला कारणही तसंच होतं. प्रत्येक वर्गाच्या दारावर जिल्ह्यानं एक पट्टी लावली होती. आत किती मुलं आणि बाहेर किती, हे ती परस्पर वर कळवायची. लगेच शिक्षणाधिकारी बिडवे साहेबांचा फोन आला.

"सोनटक्के, तुमच्या तासाला वर्ग रिकामा आणि शेजारच्या शबनम मॅडमच्या वर्गात बसायला जागा नाही. चाचणीच्या दह्यानं पोरं धीट झालीत, असली सबब सांगू नका मला. गुरुवारी येतोय. तेव्हाही असंच दिसलं तर तुम्हाला अतिरिक्त ठरवावं लागेल."

अतिरिक्त. म्हणजे या शाळेला नको असलेला. म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या कुठल्या तरी वाडीवर बदली. निवृत्ती तोंडावर आलेली असताना घर इथं, इंदुमतीबाईंचं मशीन इथं, आणि सर तिथं एकटे हातानं पिठलं करत बसलेले. सरांना ते पिठलं दिसायलासुद्धा लागलं.

पण साहेबांच्या तोंडून दह्याचं नाव निघालं आणि सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याचं असं होतं. जिल्ह्याच्या विद्यार्थी कल्याण कक्षाला काही वर्षांपूर्वी एक गोष्ट दिसून आली होती. चाचणीच्या दिवशी शाळाशाळांमधून पोरांची पोटं दुखायची. येत असलेली उत्तरंसुद्धा भीतीनं पळून जायची. कक्षाच्या डॉक्टर अन्विता रणनवरे यांनी यावर उपाय काढला, तो परीक्षेला जाताना हातावर ठेवतात त्या दहीसाखरेतूनच. आपल्या पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक नस जाते. पोटातले जिवाणू जे काही बनवतात त्याची खबर त्या नसेवाटे वर पोचते. दही लावणाऱ्या जिवाणूंपैकी काही असे असतात की ते मेंदूला शांत करणारं एक रसायन तयार करतात. डॉक्टर बाईंनी त्यांच्यातच सुधारणा करून एक नवा वाण तयार केला. त्याचं दही वाटीभर खाल्लं की तासाभरात धाकधूक जाते. झोप येत नाही, बुद्धी मंदावत नाही, फक्त भीती तेवढी उतरते. दिवसभरानं सगळं पूर्ववत.

हे दही सुटून भलतीकडे पसरू नये म्हणून त्यांनी एक मेखही मारून ठेवली होती. एका खास साखरेशिवाय हे जिवाणू जगूच शकत नसत, आणि ती साखर निळ्या पुडीतून फक्त शाळेला मिळायची. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, चाचणीच्या दिवशीच द्यावे, उरलेले दही उकळून नष्ट करावे.

सर तडक शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. पोषण आहाराच्या यमुनाबाई घोंगडे तांदूळ निवडत होत्या.

"यमुनाबाई, मागच्या चाचणीचं दही उरलं होतं ते उकळून टाकलंत ना?"

"न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या.

"मग काय केलंत?"

"चांगलं घट्ट दही सर. त्याला उकळून फेकायचं? माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते. घरी नेलं आन् आमच्या मडक्यात विरजणाला घातलं. काय गोडी आली म्हणता. मग शेजारच्या सखूनं मागितलं. सखूकडनं तिच्या जावेनं नेलं. विरजणाला कुणी न्हाई म्हणतं का?"

नाही म्हणत. माळसावरीत बायका एकमेकींशी वर्ष वर्ष बोलत नसत, पण संध्याकाळी दारात वाटी घेऊन उभी राहिलेली बाई विरजणाशिवाय परत गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सखूच्या घरून ते खालच्या आळीला गेलं, तिथून लेकीबरोबर शेजारच्या गावाला. फक्त सरांच्या पानात ते पडलं नाही, कारण दही नुसतं बघितलं तरी सरांचा घसा बसायचा.

सरांनी फोन केला आणि डॉक्टर रणनवरे दुसऱ्याच दिवशी आल्या. यमुनाबाईंच्या मडक्यातलं दही त्यांनी काचेवर घेऊन तपासलं आणि बराच वेळ मान हलवत राहिल्या.

"जिवाणू एकमेकांना आपले गुण देतात, सर. या बायका जशा भिंतीवरून वाटी देतात, अगदी तसं. यमुनाबाईंच्या मडक्यात सासूच्या सासूपासूनचे जिवाणू नांदत होते. त्यांना पुडीतली साखर लागत नाही. माझ्या जिवाणूंनी त्यांच्याकडून तेवढं शिकून घेतलं. आता माझी मेख निकामी झाली."

"मग हे बंद करा," सर म्हणाले. "आजच्या आज."

"लेखी तक्रार दिलीत तर उद्या माणसं आणून सगळी भांडी उकळते. पण तक्रार म्हटली की चौकशी आली, आणि यमुनाबाईंचं काम जाणार. नाहीतर माझ्या पद्धतीनं शनिवारी करू. साधं विरजण घेऊन येते, कुणाचं काही बिघडणार नाही."

शनिवारी. आणि साहेब गुरुवारी. सरांनी कागद मागवला. यमुनाबाईंनी स्वतःच आणून दिला.

"लिवा सर. चूक माझीच हाय," त्या म्हणाल्या, आणि पेन चालत नाही म्हणून दुसरं शोधून आणलं.

आता माणूस रडला, विनवण्या केल्या, तर त्याच्याविरुद्ध लिहिता येतं. पेन आणून देणाऱ्याविरुद्ध लिहायला फार निगरगट्ट मन लागतं. सर रागीट होते, पण निगरगट्ट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात सुरज दारात आला. त्याच्या दोन्ही हातांत चांगली पुरुषभर लांबीची एक जिवंत धामण होती.

"मॅडम, हा विषारी आहे का?"

डॉक्टर बाई खुर्चीवर चढल्या. सर टेबलावर. यमुनाबाई म्हणाल्या, "धामण हाय ती. सोड तिला बिचारीला," आणि तांदूळ निवडायला गेल्या.

खुर्चीवरून उतरल्यावर डॉक्टर बाईंचा चेहरा गंभीर झाला होता. "बघितलंत? दिवसभरापुरती भीती गेली तर औषध. कायमची गेली तर आज धामण, उद्या नाग. मागे हो, हे सांगायला भीती लागतेच. शनिवारी हे संपवायचंच." मग सरांच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघून त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का? दह्यानं भीती जाते, आवड जात नाही. शबनम मॅडमच्या तासाला ही मुलं दहीच खाऊन बसतात."

हे मात्र सरांना चांगलंच झोंबलं. शबनम मुलाणी दोन वर्षांपूर्वी लागलेली पोर. तिच्या वर्गावरून जाताना हसण्याचा आवाज आला की ते नाक मुरडायचे.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले. कस्तुरीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. अपूर्णांक उलटा का करायचा? खरं सांगायचं तर त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं, उलटा कर, यांनी केला. असे कितीतरी नियम होते. आणि कुणी विचारील ही भीती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या पोटात होती. चष्मा खाली आणायची सवय तेव्हाच लागली होती. पोरं सरांना भ्यायची आणि सर पोरांच्या प्रश्नांना. सरांना स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी सकाळी ते इंदुमतीबाईंना म्हणाले, "मला दही दे."

"घसा बसेल. मग साहेबांपुढे शिकवाल कसे?"

"दे म्हणतो ना. सगळ्या गावाची भीती गेली. मीच काय पाप केलंय?"

इंदुमतीबाईंनी जरा विचार केला. "थांबा. त्याच दह्याची कढी करते. आलं घालून. घशालाही बरी."

सरांनी दोन वाट्या कढी घेतली, तिसरी मागून घेतली आणि शाळेत गेले.

बिडवे साहेब आपला डबा आणि आपलं पाणी घेऊन हिंडणारे. बाहेरचं काही घेत नसत. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी डॉक्टर रणनवरे. मुलं बसली होती, पण बाटल्या हाताशी घेऊन. सरांच्या जिभेला कोरड पडली होती. कढी अजून भिनायची असेल, ते स्वतःला म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, तीन चतुर्थांश भागिले एक अष्टमांश.

"दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं," ते म्हणाले.

"का सर?" कस्तुरी म्हणाली. तिनं बाटली उचललीसुद्धा होती.

सरांचा हात चष्म्याकडे गेला. तिथून तो खाली आला.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. चल, शोधू या. यमुनाबाईंकडून लिटरचं माप आण, आणि ती दह्याची छोटी वाटी. एका लिटरात आठ बसतात ती."

कस्तुरीनं बाटली खाली ठेवली आणि पळाली.

मापात पाऊण लिटर पाणी घेतलं. यातून वाट्या किती भरतील? कुणी पाच म्हणालं, कुणी नऊ. सुरज जागा झाला आणि पुढे येऊन वाट्या भरायला लागला. सहा भरल्या आणि माप रिकामं झालं. सरांनी रिकामं माप पुन्हा उचलून बघितलं.

"लिटर पुरं असतं तर किती भरल्या असत्या?"

"आठ."

"म्हणून आठानं गुणायचं," सर हळूहळू म्हणाले. त्यांनाही ते त्याच क्षणी कळत होतं. "पण पाणी पाऊणच लिटर. म्हणजे आठाच्या पाऊणपट."

"सहा," सगळा वर्ग म्हणाला.

"म्हणजे सर, आपण उलटा केलाच नाही," कस्तुरी म्हणाली. "एका लिटरात किती बसतात तेवढं मोजलं. तो आपोआप उलटा झाला." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण वाटी तीन अष्टमांशाची असली तर?"

सरांना तेही येत नव्हतं. तोवर घंटा झाली होती. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मापाभोवती पोरांच्या डोक्यांमध्ये एक टक्कलही वाकलेलं होतं, ते बिडवे साहेबांचं होतं हे सरांच्या उशिरा लक्षात आलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर साहेब रुमालानं मनगट पुसत म्हणाले, "अतिरिक्तचं सोडून द्या, सोनटक्के. पण अधिकाऱ्यासमोर मला माहीत नाही म्हणायला काळीज लागतं. दहीच ना ते? खरं आहे म्हणायचं मग."

"हो साहेब," सर प्रामाणिकपणे म्हणाले. "सकाळी तीन वाट्या कढी घेतली."

डॉक्टर रणनवरे हसू आवरायला भिंतीकडे वळल्या, पण त्यांना ते आवरलं नाही. "कढी? सर, कढीला उकळी येते. डब्यावर लिहिलंय की, उकळून नष्ट करावे. त्यातला एक जिवाणू जिवंत राहिला नसेल, आणि त्यांचं रसायनही त्या आचेवर टिकत नाही. तुम्ही नुसतं आलं आणि जिरं खाऊन आलात."

सर खांबाला धरून खाली बसले. आपण साहेबांपुढे काय बोललो ते त्यांना आता पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवलं. यमुनाबाईंनी पाणी आणून दिलं. ते प्यायलाही त्यांना दोन हात लागले.

शनिवारी माळसावरीनं घराघरातलं दही चुलीवर चढवलं. फेकायचं कुणाच्याच हातानं होईना, म्हणून सगळ्या गावानं कढी केली. आळीआळीतून फोडणीचा वास सुटला होता. डॉक्टर बाईंनी आणलेलं साधं विरजण सखूनं यमुनाबाईंकडून नेलं, जावेनं सखूकडून. शेजारच्या गावी गेलेल्या लेकींनाही निरोप गेले.

सोमवारी फाट्यावरचं कुत्रं एसटी बघून पळालं. सरपंचानं सरांना बघून मोटरसायकल गल्लीत वळवली. सकाळी चहा देताना इंदुमतीबाई काहीतरी बोलायला आल्या आणि परत आत गेल्या. मग पुन्हा बाहेर येऊन पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आज रागावू नका पोरांवर." सर नाही रागावणार म्हणाले.

सहावीचा वर्ग गच्च भरला होता. माशीसुद्धा बसलेली होती. सगळ्या माना खाली, सगळ्या वह्या उघड्या. दारावरच्या पट्टीला हवं होतं तसं सगळं अगदी व्यवस्थित होतं. महिनाभरापूर्वी सरांना याचंच केवढं समाधान वाटलं असतं. आज त्यांना ते बघून भडभडून आलं.

चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. सरांनी तो वर सरकवला.

"कुणाला काही विचारायचंय का?"

कुणी हललं नाही. सर उभे राहिले. वाट बघणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं, तरी ते वाट बघत राहिले. बाहेर यमुनाबाई भांडी घासत होत्या तो आवाज तेवढा येत होता.

कस्तुरीचा हात कोपरापर्यंत वर आला आणि थांबला. तिनं सरांकडे बघितलं, खाली बघितलं. मग हात पूर्ण वर गेला. ओठ पांढरे पडले होते.

"सर," ती जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, "ती तीन अष्टमांशाची वाटी राहिली."

रविवारभर कागदावर झटूनही सरांना ते पटेल असं सुटलं नव्हतं.

"राहिलीय खरी," ते म्हणाले. "मलाही अजून जमलेलं नाही. जा, वाट्या घेऊन ये. आणि बाकीचे सगळे इकडे पुढे सरका."

कस्तुरी दारापर्यंत चालत गेली, आणि तिथून पळाली.